एकच शब्द, चार पायऱ्यांची वाक्ये : शब्दपत्त्या कशा कराव्यात?

खाडीकाठ

पहिली ते चौथी एकाच खोलीत बसणाऱ्या द्विशिक्षकी शाळेसाठी शब्दपत्त्यांचा संच करतोय. पत्तीच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला त्याच शब्दाची चार वाक्ये, सोप्याकडून अवघडाकडे. अशाने पहिलीतले पोर आणि चौथीतले पोर एकाच शब्दावर बोलू शकतील. पायऱ्या सध्या अशा ठरवल्यात:

पायरी १ : ३ ते ५ शब्द, जोडाक्षर नाही, डोळ्यांना दिसणारी क्रिया
पायरी २ : ६ ते ८ शब्द, फार तर दोन जोडाक्षरे, शब्दाचे रूप बदललेले
पायरी ३ : १० ते १४ शब्द, म्हणून, कारण, तर यांनी जोडलेले वाक्य
पायरी ४ : लाक्षणिक किंवा पुस्तकी अर्थ

नमुना म्हणून 'उधाण':
१. उधाण आले. पाणी अंगणात शिरले.
२. उधाणाचे पाणी चढले आणि सगळ्या होड्या वर ओढल्या.
३. अमावास्येला आणि पौर्णिमेला उधाण येते, म्हणून किनाऱ्यावरची जाळी आदल्या संध्याकाळीच उचलतात.
४. निकाल कळला आणि वाडीतल्या आनंदाला उधाण आले.

यात कुठे चुकतेय ते सांगा. आठवड्याला किती शब्द घ्यावेत, आले की नाही ते कसे तपासावे, आणि जुलैत पत्त्यांना बुरशी लागते त्याचे काय करावे, हेही हवे आहे.

पाटीपेन्सिल

पायरी २ तुमच्याच नियमात बसत नाही. सगळ्या, होड्या, ओढल्या अशी तीन जोडाक्षरे झाली. अनेकवचन आणि भूतकाळ एकत्र आले की मराठीत जोडाक्षरांची रांग लागते. वाक्य एकवचनात किंवा 'ठेवतात', 'येते' अशा नेहमीच्या क्रियेत आणा: 'उधाणाच्या दिवशी होडी वर ओढून ठेवतात.' जोडाक्षर एकच राहते, अर्थही सुटत नाही.

जोडाक्षरे नुसती मोजूनही भागत नाही. 'च्या', 'ल्या' पोरांना लवकर जमतात, कारण सतत डोळ्यांखालून जातात. र चे प्रकार मात्र अडवतात: पूर्णिमा लिहा की पौर्णिमा, रफार आहेच, 'समुद्र'मध्ये खालचा तिरका, 'राष्ट्र'मध्ये टोपीसारखा आणि 'किनाऱ्या'मध्ये चौथाच. दुसऱ्या पायरीपर्यंत यातला एकच प्रकार असू द्या. तिसरीत दोन चालतील. तुमच्या तिसऱ्या वाक्यात 'पौर्णिमेला' आणि 'किनाऱ्यावरची' आहेत, म्हणजे काठावर पास.

सामान्यरूपाकडे बहुतेक संच करणारे बघतच नाहीत. मुलाला 'मासा' येतो, पण 'माशाला' दिसले की तो नवाच शब्द वाटतो. वारा–वाऱ्याने, पाऊस–पावसात, धक्का–धक्क्यावर, वल्हे–वल्ह्याने हे सगळे तसेच. म्हणून पहिल्या पायरीत शब्द मूळ रूपातच हवा, दुसरीत बदललेला. आणि पत्तीच्या खालच्या कोपऱ्यात दोन्ही रूपे शेजारी छापा: उधाण – उधाणाच्या. 'विहीर'सारख्या शब्दात वेलांटीही बदलते (विहिरीत), तिथे ती दोन अक्षरे रंगाने दाखवा.

बोरू

शब्द मोजून पायरी ठरवण्यालाच माझा विरोध आहे. हे दोन नमुने पाहा (तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख):

अ) वारा सुटला. होडी निघाली नाही. तांडेल घरी आला.
ब) वारा सुटला म्हणून तांडेलाने होडी बाहेर काढली नाही.

मोजणीप्रमाणे अ सोपा. पण त्यात होडी का निघाली नाही हे पोराने स्वतः जुळवायचे आहे. ब मध्ये 'म्हणून' ते काम करून देतो. वाक्य सोपे करायचे म्हणून 'म्हणून', 'कारण' छाटले की अर्थाचा सांधाच निघतो. पहिलीतली पोरे बोलताना 'म्हणून' सर्रास वापरतात, तेव्हा तो तिसऱ्या पायरीपर्यंत राखून ठेवायचे कारण नाही. फक्त त्यातले 'म्ह' वाचायला अवघड जाते, तेवढा एक शब्द फळ्यावर आधी ओळखीचा करून घ्या.

खरा ताण येतो तो कर्ता आणि क्रियापद यांच्यातल्या अंतराने. आपले क्रियापद शेवटी बसते. 'तांडेलाने काल संध्याकाळी धक्क्यावर वाळत घातलेले फाटके जाळे उचलले' यात 'उचलले' येईपर्यंत तांडेल डोक्यात धरून ठेवावा लागतो. मध्ये सात शब्द आहेत. दुसऱ्या पायरीला तीन-चारच्या वर जाऊ नका. हेच वाक्य 'तांडेलाने जाळे उचलले. ते काल धक्क्यावर वाळत घातले होते' असे मोडले तर शब्द तितकेच राहतात आणि वाचणे निम्म्याने हलके होते.

सुरंगी

बोरूंशी सहमत. पण लांबीच्या आधी एक चाळणी लावा, नाहीतर पायऱ्या ठरवूनही वाक्य फुकट जाते.

शब्द झाका आणि ज्याने पत्ती पाहिलेली नाही अशा दोघा-तिघांना वाक्य वाचून दाखवा. रिकाम्या जागी ते काय सांगतात ते ऐका.

'धक्क्यावर ______ आला.' पाहुणा, कुत्रा, पाऊस, काहीही बसते. 'तांडेल' शिकवायला हे वाक्य निरुपयोगी.
'______ने हाक दिली आणि खलाशांनी जाळे सोडले.' आता होडीवरचा कुणी मोठा माणूस हे कळते, पण 'मालक'ही बसतो.
'सुकाणू धरलेल्या ______ने हाक दिली आणि खलाशांनी जाळे सोडले.' इथे जागा जवळजवळ पक्की झाली.

मात्र 'सुकाणू' नवा असेल तर तुम्ही एका अंधाऱ्या शब्दावर दुसऱ्या अंधाऱ्या शब्दाचा उजेड पाडताय. एका वाक्यात नवा शब्द एकच, हा नियम कुठल्याही पायरीवर मोडायचा नाही. 'सुकाणू' येत नसेल तर त्याची पत्ती आधी.

चकवणारी वाक्येही असतात. 'उधाण आले तरी होड्या निघाल्या' हे व्याकरणाने ठीक, वर्तमानपत्रात शोभेल. पण ज्याला उधाण माहीत नाही तो समजेल की उधाण ही होड्या बाहेर काढायची वेळ. 'तरी', 'पण', 'असूनही' यांची वाक्ये अर्थ पक्का झाल्यावरच, म्हणजे तिसऱ्या पायरीच्या शेवटी. सुरुवातीला 'म्हणून' आणि 'कारण'.

घाटपायथा

शब्द कुठले निवडणार याबद्दल कुणीच बोलले नाही. 'कोकणातली मुले' म्हणून सगळ्यांना एकच संच द्याल तर फसेल. लांजा-राजापूरच्या आतल्या बाजूला, सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्यांत रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) पाहिलेली मुले कमीच. त्यांना 'डोल जाळे' (प्रवाहात बांधून ठेवायचे पिशवीसारखे जाळे) तुमच्या पोरांना 'कपाशी' असावी तितकेच परके. डोल तर उत्तरेकडच्या किनाऱ्यावर जास्त, दक्षिणेकडे रापणच ओळखीची. म्हणजे किनाऱ्या-किनाऱ्यातही फरक.

माझी विभागणी अशी. 'होडी', 'माड', 'पाऊस' असे रोजच्या बोलण्यातले शब्द शिकवण्यात वेळ घालवू नका, ते फक्त वाचायला द्या. 'डोल', 'तांडेल', 'मिठागर' असे एका धंद्याचे शब्द तो धडा आला की त्याच्यापुरते घ्या. मेहनत करायची ती मधल्या शब्दांवर, जे मुले बोलत नाहीत पण कुठल्याही पुस्तकात भेटतात: ओसरणे, सावध, अंदाज, टंचाई, अडथळा, हळूहळू, अचानक, टिकणे, पुरवठा. यांची वाक्ये मात्र गावच्या मातीतली घ्या. 'एप्रिलमध्ये विहीर आटली आणि वाडीत पाण्याची टंचाई झाली.' चार महिने धो धो पाऊस आणि मेमध्ये टँकर, हे कातळावरच्या मुलाला समजावून सांगावे लागत नाही. अनोळखी शब्दाला ओळखीचे गाव मिळाले की काम होते.

दुहेरी अर्थाचे शब्द वेगळे काढून ठेवा. 'सडा' म्हणजे आपल्याकडे माथ्यावरचे जांभ्याचे पठार, पुस्तकात मात्र अंगणातला शेणसडा नाहीतर फुलांचा सडा. 'नांगर' शेतातला आणि होडीचाही. 'वाडी' म्हणजे वस्ती, आणि रायगडात नारळी-पोफळीची बागही. 'धक्का' बंदरातला आणि गर्दीतला. पत्तीवर दोन्ही अर्थ एकदम दिलेत तर दोन्ही कच्चे राहतात. घरचा अर्थ आधी चारही पायऱ्या चढू द्या, दुसऱ्या अर्थाची वेगळ्या रंगाची पत्ती दोन-तीन आठवड्यांनी.

मिठागर

यात 'कालवे' टाका. कालव म्हणजे खडकाला चिकटलेले ते, त्याचे अनेकवचन कालवे. आणि पाटबंधाऱ्यांचा कालवा, त्याचेही अनेकवचन कालवे. फरक कळतो तो क्रियापदावरून: 'कालवे काढली' की 'कालवे काढले'. चौथीला याच्याइतके चांगले वाक्य शोधून मिळणार नाही.

आता तयार वाक्यांबद्दल. बरेच जण मोबाइलवर शोधून किंवा एआयकडून वाक्ये काढतात. शोधायला हरकत नाही, पण काय मिळते ते ओळखा. 'भरती' टाका, पोलीस भरती, मेगाभरती, भरतीची जाहिरात. समुद्र कुठेच नाही. 'उधाण' टाका, 'चर्चेला उधाण'. 'गळ' टाका, कुणीतरी कुणालातरी 'गळ घातली'. बातम्यांच्या भाषेत हे शब्द लाक्षणिक अर्थानेच जास्त येतात, म्हणजे तुमची चौथी पायरी आयती मिळते आणि पहिली कधीच मिळत नाही. पहिल्या दोन पायऱ्या हातानेच लिहाव्या लागतात.

एआयच्या वाक्यात तीन गोष्टी तपासा. लिंग: 'रापण ओढला' येते, हवे 'रापण ओढली'. हिंदीचा वास: 'होडी चालवली जात आहे' असे कुणी पोराशी बोलत नाही. आणि वाक्य खरे आहे का. 'रोज सकाळी सहा वाजता भरती येते' हे व्याकरणाने शुद्ध पण खोटे. दोन भरत्यांत साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर, म्हणून भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. किनाऱ्यावरचे पोर असले वाक्य वाचून शब्द शिकत नाही, पुस्तकावरचा विश्वास घालवते. मासेमारीवरची वाक्ये लिहितानाही पावसाळी बंदीचे भान ठेवा. ट्रॉलर जूनमध्ये मासळी घेऊन धक्क्याला लावू नका.

खाडीकाठ

दुसरी पायरी बदलतो. 'म्हणून' खाली आणतो. घाटपायथा म्हणतात ते मधले शब्द संचात जवळजवळ नव्हतेच, ते वाढवायला हवेत.

एक अडचण. तिसरीतली काही मुले अजून अक्षरपातळीवर आहेत (अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट या चाचणीप्रमाणे). त्यांना पहिल्याच पायरीची वाक्ये द्यायची का? शब्द तर त्यांना सगळे कळतात.

सुरंगी

नाही. इथेच गफलत होते. वाचायची पायरी वेगळी, ऐकून समजायची पायरी वेगळी. अक्षरावर अडलेले आठ वर्षांचे मूल बाजारातला हिशोब आणि गाऱ्हाणे दोन्ही समजते. त्याला 'पाणी शिरले' एवढ्यावरच ठेवले तर वाचन मागे आहेच, शब्दही मागे पडतील.

पत्ती दोन कामांना वापरा. वाक्य ३ तुम्ही मोठ्याने वाचा, बोलणे त्यावर होऊ द्या. त्याच मुलाने स्वतः वाचायचे ते वाक्य १. शब्द एकच असल्यामुळे त्याला वर्गातल्या चर्चेतून बाहेर बसावे लागत नाही. चार पायऱ्या एकाच पत्तीवर ठेवण्याचा खरा फायदा हाच. 'निपुण भारत' या सरकारी पायाभूत वाचन-गणन अभियानाची लक्ष्ये, म्हणजे दुसरीला मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीला किमान ६०, ही वाचनाच्या ओघासाठी आहेत. त्यावरून कुणाला किती शब्द कळतात याचा निवाडा करू नका.

स्वतः वाचायची पायरी कुठली, याचा जुना ठोकताळा आहे. त्या पायरीची वाक्ये घेऊन साधारण ५० शब्द वाचायला द्या. चुका दोनपर्यंत असतील तर एकट्याने वाचू दे, तीन ते पाच असतील तर शेजारी बसून, त्याहून जास्त असतील तर एक पायरी खाली. उच्चार मालवणी वळणाचा असेल तर ती चूक धरू नका.

वेळापत्रकाचे म्हणाल तर एकत्रित वर्गाला आठवड्याला आठ शब्द पुष्कळ झाले. सोमवारी तीन, मंगळवारी तीन, बुधवारी दोन, रोज १५ मिनिटे. गुरुवारी सगळे मिसळून, शुक्रवारी तपासणी. मग तोच शब्द पुढच्या आठवड्यात एकदा आणि तीन आठवड्यांनी एकदा परत आला पाहिजे, आणि दरवेळी वेगळ्या वाक्यात. तेच वाक्य पुन्हा दिले की मुले वाक्य पाठ करतात, शब्द नाही. त्यासाठी खोक्याला तीन कप्पे करा: या आठवड्याचा, पुढच्या आठवड्याचा, तीन आठवड्यांनंतरचा. अडलेली पत्ती पहिल्या कप्प्यात परत.

बोरू

मालवणीचा विषय सुरंगीबाईंनी काढलाच आहे तर: घरचा शब्द पत्तीवर छापाच. मुलाच्या तोंडी 'सुकती' असते आणि पुस्तकात 'ओहोटी'. त्याला 'ओहोटी म्हणजे भरतीच्या उलट' असे समजावणे म्हणजे दारातून आत यायचे सोडून कौले काढण्यासारखे. 'सुकती = ओहोटी' लिहा, संपले. तसेच 'व्हाळ' आणि 'ओढा', 'मासो' आणि 'मासा'. 'आंबो', 'मासो' चूक म्हणून खोडू नका, शेजारी लेखी रूप मांडा. दहा-बारा शब्दांनंतर 'ओ'चा 'आ' होतो हे मुलेच सांगतात.

घाटपायथा

बोरू, हे मान्य, पण पायरीच्या वाक्यात बोली मिसळू नका. 'भरती इली' आणि 'भरती आली' ही दोन्ही वाक्ये ठेवायची तर वेगळ्या ओळीत. आणि वर्गात एखादे ऊसतोड कामगाराचे किंवा बदलीवर आलेल्या कर्मचाऱ्याचे मूल असले की 'सुकती'चा आधार त्याला नसतो. त्याला चित्र द्या, किंवा सरळ बंदरावर न्या.

पाटीपेन्सिल

तपासणीबद्दल लिहायचे राहिले. 'वाक्यात उपयोग करा' हा प्रश्न बंद करा. उत्तर येते, 'मला उधाण आवडते.' व्याकरण बरोबर, पूर्ण गुण, आणि शब्द आला की नाही ते देवाला ठाऊक. त्याऐवजी:

'उधाण असताना रापण लावतील का? का?'
'टंचाई कशाची होऊ शकते: पाण्याची, वाळूची, की समुद्राची?'
'तांडेलाने नांगर टाकला, कारण…' (पुढचे मुलाने पुरे करायचे)

'का?' हा शब्द सोडू नका. 'हो' किंवा 'नाही' हे नशिबानेही बरोबर येते. 'टंचाई'च्या प्रश्नाला वाद झाला तर होऊ द्या. 'बांधकामाला वाळूची टंचाई झाली' असे पोर म्हणाले तर त्याला शब्द आला.

मिठागर

पत्त्यांचे. ए४ आकाराचा जाड कागद (२०० जीएसएमच्या वर) चार भागांत कापा. शाईच्या प्रिंटरवर काढू नका, दमट हवेत शाई फुटते. लेझर किंवा झेरॉक्स. पहिल्या पायरीचे वाक्य २८ ते ३२ पॉइंटात, बाकीची २४. ओळींत दीडपट अंतर, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारावर बसतो. फाइलमध्ये भाषा 'मराठी' निवडा. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे पाकळीवाला ल आणि देठवाला श आपोआप येतात. नाहीतर मुले पाठ्यपुस्तकात एक ल बघतात आणि पत्तीवर दुसरा.

लॅमिनेशन १२५ मायक्रॉनचे. आधी कापा, मग लॅमिनेट करा, आणि चारही बाजूंना ५ मिलिमीटर प्लास्टिक मोकळे ठेवा. मोठा कागद लॅमिनेट करून मग कापला की कडेला कागद उघडा पडतो, तिथून ओल आत जाते आणि श्रावणापर्यंत काळे ठिपके दिसू लागतात. दोरीत ओवायचे असेल तर कागदाला आधी मोठे भोक पाडा, लॅमिनेट करा, मग त्याच्या मधोमध छोटे. पत्त्या पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि आठवड्यातून एकदा उघडिपीला बाहेर.

खाडीकाठ

'ओहोटी' नव्याने केली. चाळणी लावून बघा.

सुकती = ओहोटी | ओहोटी – ओहोटीच्या
१. ओहोटी लागली. पाणी मागे गेले.
२. ओहोटीच्या वेळी पाण्याखालचे खडक उघडे पडतात.
३. पूर्ण ओहोटीला खाडीत पाणी इतके कमी होते, की मोठी होडी धक्क्याला लागू शकत नाही.
४. चाकरमानी परत गेले आणि एसटी स्टँडवरच्या गर्दीला ओहोटी लागली.

सुरंगी

२ आणि ३ पक्की. १ मध्ये शब्द झाकून वाचले तर 'भरती' कुणी म्हणणार नाही, म्हणजे तेही ठीक. ४ मध्ये 'गर्दीला' आहे म्हणून 'ओसरू' बसत नाही, ते बरे झाले.

पाटीपेन्सिल

४ मधला 'स्टँडवरच्या' दुसरीच्या मुलाला ऐकवताना चालेल, पण चौथीतल्या कच्च्या वाचकाला 'स्टँ' अडवेल. 'एसटीतल्या गर्दीला' करा. आणि ३ मधल्या 'पूर्ण'ला रफार आहे, 'धक्क्याला'मध्ये क क य एकत्र. 'पूर्ण' काढला तरी 'इतके' अर्थ सांभाळतो.